आईचा कंदील आणि टीव्हीतली दीदी

प्रश्न : नमस्कार काकू. आई गेल्यावर गेल्या दिवाळीला घरात काही केलं नव्हतं. यंदा माळ्यावरची ट्रंक उतरवली. तिच्यात आईनं स्वतः केलेला षटकोनी आकाशकंदील, काचमण्यांचं तोरण आणि आमच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं निघाली. कंदिलाचा कागद हात लावला की तुटतोय, तोरणाचे मणी ट्रंकेत सांडलेत. मुलगा म्हणतो, नवीन आणूया. मला टाकवत नाही. हे कसं जपायचं? आणखी एक विचारायचं होतं. लहानपणी टीव्हीवर 'एक चिडिया, अनेक चिडिया' लागलं की आई हातातलं काम टाकून यायची आणि 'हे आपल्या मराठी बाईनं केलंय' म्हणायची. खरं आहे का ते?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी मण्यांचं सांगते, कारण त्याला उशीर चालणार नाही. ट्रंक हलवू नका. तळाचे मणी चमच्यानं काढून पांढऱ्या कापडावर ठेवा, झाडूनं गोळा करू नका. जेवढं तोरण अजून दोऱ्यात आहे तेवढं तसंच सपाट पसरून त्याचा जवळून फोटो घ्या. कुठल्या रंगाशेजारी तुमच्या आईनं कुठला रंग घेतला होता, ते आता फक्त त्या तुकड्याला ठाऊक आहे. माझ्या सासूबाईंच्या तोरणाचा असाच वीतभर तुकडा उरला होता. त्यात एक अख्खा पोपट होता, हिरव्या अंगाचा, चोचीला तीन लाल मणी. सगळं नव्यानं ओवायचं म्हणून मी तो सोडवून टाकला. पुढं कितीदा बसले, पण त्या पोपटाची मान मला जमली नाही. तुम्ही तुकडा सोडवू नका. त्याच्याकडं बघत बघत शेजारी नवा ओवा, आणि सुती दोऱ्याऐवजी बारीक नायलॉन घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात सुती दोरा कुजतो, तुमचे मणी त्यानंच सांडले असणार.

कंदिलाचा कागद मात्र वाचवायच्या मागं लागू नका. पतंगाचा कागद तो, ऊन-वारा लागून ठिसूळच होणार. तुमच्या आईनंही तो दर एक-दोन वर्षांनी बदलला असेल. कामट्यांच्या गाठी जवळून बघा, जुन्या गाठीखाली खळीचे थर दिसतील. तो सांगाडा म्हणजे आईचा कंदील. सैल गाठींवर नवा दोरा गुंडाळा, जुना कापू नका. जुन्या कागदाचा एक तुकडा वहीत घालून ठेवा, म्हणजे रंग जुळवता येईल. पापाच्या तिकटीच्या बाजारात दिवाळीच्या आधी फेरी मारलीत तर कागद, झिरमिळ्या सगळं मिळेल. खळ मैद्याची, पातळ शिजवून गार केलेली. तिला कसर लागू नये म्हणून पूर्वी चिमूटभर मोरचूद घालत, पण ते विष आहे. घरात लहान मूल असेल तर अजिबात नको. आत जुना पिवळा बल्ब लावू नका, त्याच्या उष्णतेनं कागद करपतो. एलईडी लावा. मुलाचं तेवढं ऐका.

मातीच्या चित्रांना पाणी लावायचं नाही, रंग निघून येईल. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका, तुटलेला हात फेविकॉलच्या थेंबानं चिकटवा, आणि ठेवताना जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलंत तर आत दमट होईल.

त्या चित्रांत बायका किती आहेत, तेही बघा. आमच्या किल्ल्यावर महाराज वर, पायऱ्यांवर मावळे, बुरुजांवर अळीव पेरलेलं आणि पायथ्याला गाव. भावांचं सगळं लक्ष वर असायचं. माझी आई पायथ्याशी बसून गाव मांडायची. घागर घेतलेली बाई विहिरीपाशी, भाजीवाली वाटेवर आणि जात्यावरची बाई बरोबर गडाच्या दाराखाली. भाऊ तिला लांब सरकवायचे, आई परत तिथंच आणून ठेवायची. "ही न्हाई तर वर भाकरी कोन देणार?" एवढंच म्हणायची.

आता 'एक चिडिया, अनेक चिडिया'मध्ये गोष्ट सांगणाऱ्या दीदीचं. तुमच्या आईचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ते गाणं ज्यात आहे, तो 'एक अनेक और एकता' हा फिल्म्स डिव्हिजनचा, म्हणजे सरकारी चित्रपट विभागाचा, सातेक मिनिटांचा ॲनिमेशनपट १९७४ सालचा. तो केला विजया मुळे यांनी. जन्म मुंबईचा, १९२१ चा. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. चित्रं हलती केली भीमसैन खुराना यांनी आणि संगीत दिलं वसंत देसाई यांनी. आपल्या कोल्हापुरात १९२९ मध्ये प्रभात कंपनी सुरू झाली, तिथं उमेदवारी केलेले हेच वसंत देसाई. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही या ॲनिमेशनपटाला मिळाला.

तो टीव्हीवर लागायचा तेव्हा मी बालवाडीत शिकवत होते. शेजारच्या वाड्यात लाकडी दारांचा टीव्ही होता, गच्चीवरचा अँटेना फिरवायला एक पोरगा कायमचा नेमलेला. गोष्टीतली पाखरं शिकाऱ्याच्या जाळ्यासकट उडाली की सगळी पोरं श्वास धरून बसायची, आणि आतून आई हाक द्यायची, "थांबा, मी बी आलो!" दुसऱ्या दिवशी वर्गात मला 'अनेक' शिकवावं लागायचं नाही. एक खडू, अनेक खडू, एक चप्पल, अनेक चपला, असं पोरंच मला मोजून दाखवायची. त्या दीदीनं कुणाला दटावलं नाही की फळ्यापाशी उभं केलं नाही. भावंडांच्या घोळक्यात बसून तिनं एक गोष्ट सांगितली. शिक्षक म्हणून माझं जे काही बरं झालं त्यात तिचा वाटा मोठा आहे, आणि हे मी मनापासून लिहिते आहे.

विजयाबाई एवढ्यावर थांबल्या नव्हत्या. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून देशातल्या २४०० खेड्यांत टीव्ही पोचवायचा प्रयोग झाला, त्यातल्या मुलांच्या कार्यक्रमांसाठी काम करणाऱ्या केंद्राच्या त्या प्रमुख होत्या. २०१९ च्या मे महिन्यात, ९८ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांना ओळखणारे सगळे त्यांना 'अक्का' म्हणत. आपल्याकडं थोरल्या बहिणीला म्हणतात तेच. टीव्हीतल्या दीदीला हा सूर कुठून मिळाला, ते मला हे ऐकल्यावर कळलं.

कंदील उंबऱ्यावर उजव्या हाताला लावा, येणाऱ्याचा धक्का लागणार नाही. आणि तोरणाच्या त्या तुकड्यात पोपट निघाला, तर त्याच्या मानेचा फोटो मला नक्की पाठवा. मणी मी अजून डब्यात ठेवले आहेत.