मॉडेल ‘होती’ की ‘होत्या’?

एक वाचक भगिनी फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात १९७३ साली झालेल्या प्रसिद्ध फॅशन शोवरील एका लेखाचा मराठी अनुवाद करीत आहेत. ‘पायोनियरिंग रनवे मॉडेल्स’ या शब्दसमूहासाठी त्यांनी ‘धावपट्टीवरील पथदर्शी मॉडेल’ असे लिहिले असून ते चालेल का, अशी त्यांची पहिली पृच्छा आहे. त्या शोमधील ब्लॅक मॉडेलांना ‘कृष्णवर्णीय’ असे जड विशेषण लावण्यापेक्षा ‘सावळ्या’ म्हणणे अधिक मराठी ठरणार नाही का, आणि ‘डायव्हर्सिटी’ला ‘विविधता’ हा शब्द पुरतो का, हेही त्यांनी विचारले आहे. लेखातील एक वाक्य त्यांनी नमुन्यादाखल पाठवले आहे : ‘अमेरिकी चमूत दहा सावळी मॉडेल होती.’ माझ्या मते या एका वाक्यात त्यांचे सगळे प्रश्न एकत्र आले आहेत.

‘धावपट्टी’चा निकाल लवकर लागतो. हा शब्द मराठीत विमानासाठी इतका पक्का बसला आहे की त्या पट्टीवरून दुसरे काही चालताना वाचकाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. कपडे घालून ज्या मंचावरून चालतात त्याला अमेरिकेत ‘रनवे’ म्हणतात, इंग्लंडमध्ये ‘कॅटवॉक’ म्हणतात आणि भारतात ‘रॅम्प’ म्हणतात. ‘कॅटवॉक’ हे मुळात जहाजावरच्या किंवा नाट्यगृहाच्या छताखालच्या अरुंद पायवाटेचे नाव होते. पण मराठीत येताना तो शब्द वाट सोडून चालीला चिकटला, म्हणूनच आपण ‘ती कॅटवॉकवरून चालली’ असे न म्हणता ‘तिने कॅटवॉक केला’ असे म्हणतो. ‘रॅम्प’चा मूळ अर्थ उतरण असा आहे आणि रुग्णालयाच्या दारातला रॅम्प खरोखरच उतरता असतो. फॅशनचा रॅम्प मात्र सहसा सपाट असतो, तरीही मराठी वर्तमानपत्रांनी आणि बोलणाऱ्यांनी तो शब्द स्वीकारला आहे. ‘रॅम्पवर चालणे’, ‘रॅम्पवर उतरणे’ हे प्रयोग आज कोणालाही अडत नाहीत, त्यामुळे तोच शब्द घ्यावा.

‘पथदर्शी’ हा शब्द चांगला आहे, परंतु त्याला शासकीय वापराचा वास लागला आहे. ‘पथदर्शी प्रकल्प’ म्हणजे एखादी योजना सगळीकडे राबवण्याआधी एखाद्या तालुक्यात करून पाहणे. त्याच्या शेजारी ‘मॉडेल’ आले की ‘पथदर्शी मॉडेल’ हे एखाद्या पाणीपुरवठा योजनेचे नाव वाटू लागते, कारण ‘मॉडेल’चा ‘अनुकरणीय नमुना’ हा अर्थही मराठीत तितकाच रुळलेला आहे. येथे ‘आद्य’ किंवा सरळ ‘पहिल्या पिढीच्या’ असे म्हणावे.

आता ‘मॉडेल’ या शब्दाकडे वळतो, कारण खरी गोम तेथे आहे. या शब्दाला मराठीत दोन लिंगे आहेत. मोटारीचे, मोबाइलचे किंवा विज्ञान प्रदर्शनातले असते ‘ते मॉडेल’. हे काम करणारी व्यक्ती असते ‘ती मॉडेल’ किंवा ‘तो मॉडेल’. नपुंसकलिंगी अनेकवचन ‘दहा मॉडेल होती’ असे होते आणि स्त्रीलिंगी अनेकवचन ‘दहा मॉडेल होत्या’ असे होते. पृच्छेतल्या वाक्यात ‘होती’ आल्यामुळे तेथे दहा वस्तू मांडून ठेवल्यासारखे झाले आहे, आणि ‘सावळी’ हे विशेषणही त्याच नपुंसकलिंगात गेले आहे. ही मला किरकोळ चूक वाटत नाही. इंग्रजी क्रियापदाला स्त्री आणि वस्तू यांतला फरक दाखवता येत नाही; मराठी क्रियापद तो एका ‘त्या’ने दाखवते, आणि ज्या स्त्रियांचा इतिहास आपण सांगतो आहोत त्यांचा झगडा बऱ्याच अंशी याच फरकासाठी होता.

या व्यवसायाचे जुने युरोपीय नाव पाहिले की हे पटते. फ्रेंच भाषेत मॉडेलला आजही ‘मानकँ’ म्हणतात. तो शब्द फ्लेमिश भाषेतल्या ‘छोटा माणूस’ या अर्थाच्या शब्दावरून आला. शिंपी आणि चित्रकार वापरत त्या लाकडी बाहुल्यांना तो आधी लागला आणि नंतर त्या बाहुल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या जिवंत मुलींना. पॅरिसमध्ये १८५८ साली आपले दुकान थाटणारे चार्ल्स फ्रेडरिक वर्थ यांची पत्नी मारी व्हेर्ने ही अशा पहिल्या स्त्रियांपैकी एक मानली जाते. लग्नाआधी ती एका कापड दुकानात ग्राहकांसमोर शाली अंगावर घेऊन दाखवत असे. इंग्रजीत पुढे ‘मॅनेकिन’ पुन्हा बाहुलीकडे गेला. आपल्याकडे कापड दुकानात त्या बाहुलीला साधे ‘पुतळा’ म्हणतात. ‘ती पुतळ्याला नेसवलेली पैठणी काढून दाखवा’ असे आपण सहज म्हणतो. मराठीने पुतळा आणि मॉडेल यांना दोन वेगळे शब्द दिले आहेत, तेव्हा क्रियापदातही ते वेगळेच ठेवावेत. अनेकवचनासाठी ‘मॉडेल्स’ला मी चूक म्हणणार नाही, पण ‘मॉडेलांनी’, ‘मॉडेलांचे’ ही मराठी वळणाची रूपे जिभेवर नीट बसतात. ‘वस्त्रप्रदर्शिका’ असा संस्कृत शब्द घडवण्याचा मोह टाळावा, कारण त्यात पुन्हा वस्त्रच पुढे येते आणि ते घालणारी मागे राहते.

काम नेमके काय, हे सांगणारा शब्द मराठीत आधीपासून आहे आणि तो म्हणजे ‘चाल’. चित्रकला महाविद्यालयात मॉडेल ‘बसते’, कारण विद्यार्थी तिचे चित्र काढतात. रॅम्पवर मॉडेल ‘चालते’. आपण चालण्याच्या ढबीला चाल म्हणतो आणि गाण्याच्या स्वररचनेलाही चालच म्हणतो. व्हर्सायला काय घडले ते समजून घ्यायला हे दोन्ही अर्थ उपयोगी पडतात. २८ नोव्हेंबर १९७३ रोजी, राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी निधी उभारावा म्हणून, त्याच राजवाड्यातल्या नाट्यगृहात पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकी रचनाकारांनी आपले कपडे सादर केले. फ्रेंचांकडे ईव्ह सँ लोराँ, जिव्हाँशी, पिएर कार्दँ, उंगारो आणि दिओरचे मार्क बोआँ होते. अमेरिकेकडून ऑस्कर दे ला रेंटा, बिल ब्लास, हॅलस्टन, ॲन क्लाइन आणि स्टीफन बरोज आले होते, आणि त्यांतले बरोज स्वतः कृष्णवर्णीय होते. फ्रेंचांचा भाग वाद्यवृंद, भव्य देखावे आणि जोसेफीन बेकर यांच्यासारख्या कलावतीच्या सादरीकरणासह बराच वेळ चालला. अमेरिकी चमूचा पडदा मात्र मापाच्या घोटाळ्यात सापडला. फूट आणि मीटर यांची गल्लत झाल्यामुळे आणलेला देखावा मंचाला अपुरा पडला आणि शेवटी पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघांनी काढलेल्या आयफेल मनोऱ्याच्या रेखाचित्रावर भागवावे लागले. तालमीला मंच मिळाला तोही फ्रेंचांचे आटोपल्यावर, रात्री उशिरा.

म्हणजे मंच जवळजवळ मोकळा होता, संगीत ध्वनिफितीवरचे होते आणि उरलेले बरेचसे चालीवर अवलंबून होते. अमेरिकी चमूतल्या साधारण ३६ मॉडेलांपैकी १० जणी कृष्णवर्णीय होत्या. पॅट क्लीव्हलँड, बेथॲन हार्डिसन, बिली ब्लेअर, अल्वा चिन, नॉर्मा जीन डार्डन ही त्यांतली काही नावे. पॅरिसच्या प्रतिष्ठित दुकानांतून तोवर मॉडेल शांतपणे, कपडा नीट दिसेल इतक्याच बेताने चालत असत. या मुली संगीताच्या तालावर चालल्या, थांबल्या, वळल्या आणि त्यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिले. बरोज यांच्या झुळझुळीत कापडातल्या पॅट क्लीव्हलँड मंचाच्या कडेपर्यंत येऊन गरगर फिरत राहिल्या, आणि प्रेक्षकांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिका हवेत उडवल्या. चालीवर चालणे म्हणजे काय, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. म्हणून अनुवादात ‘त्यांनी कपडे प्रदर्शित केले’ असे न लिहिता ‘त्या चालल्या’ असे लिहावे.

आता ‘सावळ्या’. हा शब्द मला अत्यंत प्रिय आहे आणि विठोबाला सावळा म्हणणाऱ्या भाषेत त्याची गोडी कमी होणे शक्य नाही. पण गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळी ही आपली रंगछटांची उतरंड आहे. लग्नाच्या जाहिरातींनी ती आपल्या मनात फार खोल रुजवली आहे. अमेरिकेतला ‘ब्लॅक’ हा शब्द त्वचेची छटा मोजत नाही. तो वंशाचा, गुलामगिरीच्या इतिहासाचा आणि साठच्या दशकात अभिमानाने स्वीकारलेल्या ओळखीचा शब्द आहे. पॅट क्लीव्हलँड यांची आई आफ्रिकी-अमेरिकी चित्रकार होती आणि वडील गोरे होते. आपल्या उतरंडीत कोणी त्यांना गव्हाळ म्हणेल, कोणी निमगोरीही म्हणेल. तरीही अमेरिकेत त्या ब्लॅक मॉडेल होत्या, आणि त्यामुळेच त्यांना दारे बंद होती. अमेरिकेच्या ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर ब्लॅक मॉडेल येईपर्यंत मायदेशी काम करायला परतणार नाही, असे ठरवून त्या पॅरिसला राहिल्या होत्या. ‘सावळी’ म्हटल्यावर हा सगळा अर्थ निसटतो आणि हाती नुसते गोड वर्णन उरते.

‘कृष्णवर्णीय’ हा शब्द जड आहे हे मान्य, परंतु तो ‘वर्णद्वेष’ आणि ‘वर्णभेद’ यांच्या घरातला आहे, आणि मराठी वाचकाला त्यातून छटा न कळता समूह कळतो. त्याचा कंटाळा येत असेल तर सरळ ‘ब्लॅक’ वापरावे. त्यालाही आपल्याकडे चांगला आधार आहे. मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांशी नाते सांगण्यासाठी ‘पँथर’ हा शब्द तसाच ठेवला गेला, त्याचा बिबट्या केला गेला नाही. नावात नाते असते तेव्हा शब्द जसाच्या तसा घेणे हेच भाषेचे शहाणपण असते. ‘रंगीत मॉडेल’ मात्र कधीही लिहू नये. मराठीत रंगीत तालीम असते आणि रंगीत दूरदर्शन संच असतो, पण माणसाला हे विशेषण लागले की तो इंग्रजीतल्या एका अपमानकारक जुन्या शब्दाचा शब्दशः अनुवाद होतो.

‘विविधता’ हा शब्द चुकीचा नाही. अडचण एवढीच आहे की आपण सगळ्यांनी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी, हात पुढे करून, ‘विविधतेने नटलेल्या परंपरां’चा अभिमान उच्चारलेला आहे, त्यामुळे या शब्दातून सजावट आणि समृद्धी आधी ऐकू येते. फॅशनच्या इतिहासात ‘डायव्हर्सिटी’ची चर्चा होते तेव्हा प्रश्न कोणाला आत घेतले आणि कोणाला वगळले हा असतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मॉडेल नेओमी सिम्स यांचे उदाहरण घ्यावे. मॉडेल पुरवणाऱ्या संस्थांनी नकार दिल्यावर त्या थेट छायाचित्रकाराकडे गेल्या, १९६७ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या फॅशन पुरवणीच्या मुखपृष्ठावर झळकल्या, आणि मग त्या पुरवणीच्या प्रती जाहिरात कंपन्यांना पाठवून त्यांनी स्वतःसाठी काम मिळवले. याला ‘विविधता आली’ असे म्हणणे फार मऊ होईल. शीर्षकात ‘वैविध्य’ ठेवावे, पण मजकुरात जेथे शक्य असेल तेथे ‘प्रवेश मिळाला’, ‘वगळले’, ‘दार उघडले’ अशी कर्ता दाखवणारी क्रियापदे घ्यावीत. ‘वर्णवैविध्य’ मी सुचवत नाही, कारण ‘वर्ण’ हा शब्द समासात सुटा दिसला की आपल्याकडे चातुर्वर्ण्य आठवते. ‘वांशिक वैविध्य’ अधिक स्पष्ट आहे. बेथॲन हार्डिसन यांनी १९८८ साली ‘ब्लॅक गर्ल्स कोअलिशन’ उभी केली आणि पुढे २०१३ साली न्यूयॉर्क, लंडन, मिलान व पॅरिसच्या फॅशन संघटनांना पत्रे पाठवून, ज्या फॅशन घराण्यांच्या रॅम्पवर एकही कृष्णवर्णीय मॉडेल नव्हती किंवा फार तर एकच होती त्यांची नावे लिहिली. त्या पत्रांचा विषय अनुवादताना ‘विविधतेचा अभाव’पेक्षा ‘कृष्णवर्णीय मॉडेलांना वगळणे’ असेच लिहावे लागेल.

‘आद्य’ किंवा ‘पहिली’ हे शब्द वापरताना एक सावधगिरी घ्यावी : कशातली पहिली, हे प्रत्येक वेळी सांगावे. कृष्णवर्णीय मॉडेलांतच पाहा : डोरोथिया टाउल्स १९४९ साली पॅरिसला गेल्या आणि दिओर, बाल्माँ यांच्यासाठी चालल्या. डॉनयेल लूना मार्च १९६६ च्या ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर आल्या, त्याही बोटांआड चेहरा अर्धा झाकून. बेव्हर्ली जॉन्सन अमेरिकी ‘व्होग’वर ऑगस्ट १९७४ मध्ये, म्हणजे व्हर्सायनंतर नऊ महिन्यांनी आल्या, आणि फ्रेंच ‘व्होग’वर नेओमी कॅम्पबेल यांना ऑगस्ट १९८८ मध्ये जागा मिळाली. या चौघींना एकाच ‘पहिली’त कोंबले तर प्रत्येकीला वेगळे दार ढकलावे लागले होते ही गोष्ट वाचकाला कळणार नाही.

तेव्हा शीर्षकासाठी ‘रॅम्पवरच्या पहिल्या पिढीच्या मॉडेल’ असे सुचवतो, आणि ते वाक्य असे करावे : ‘अमेरिकी चमूत दहा कृष्णवर्णीय मॉडेल होत्या.’