दारू सुटली, मग डोकं का चालत नाही?

दारू सोडून महिना-दोन महिने झालेली माणसं समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतात तेव्हा तक्रार तलफेची असेल असं वाटतं. बहुतेकदा ती नसते. "डोकं चालत नाही" ही असते. बोलता बोलता धागा सुटतो, रोजच्या माणसाचं नाव ओठांवर येत नाही, एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. मग आवाज खाली आणून विचारतात, "हे आता कायमचंच का?" गांजा किंवा झोपेच्या गोळ्या सुटलेलेही हेच विचारतात.

त्यातल्या एका हिशेबनिसांची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय पन्नाशीच्या पुढे, वीसेक वर्षं रोजची दारू. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली होती, तिसरा महिना चालू होता. पहिल्याच भेटीत चिडून म्हणाले, "मॅडम, दोन पेग झाले की माझे आकडे पटापट जुळायचे. आता शुद्धीत बसतो आणि साधी बेरीज चुकते. सोडून मिळवलं काय?"

"जुळायचे, की जुळल्यासारखे वाटायचे?"

त्यांना ते आवडलं नाही. मीही ताणलं नाही.

त्याआधी तब्येतीचं पाहणं भाग होतं. डोक्यातलं प्रत्येक धुकं दारू सोडल्याचंच असतं असं नाही, आणि डॉक्टरांची तपासणी झाल्याशिवाय मी कुणालाही 'होईल हळूहळू बरं' असं सांगत नाही. गोंधळ, तोल जाणं, दोन-दोन दिसणं ही लक्षणं एकदम दिसली तर समुपदेशकाकडे यायचंच नाही, थेट रुग्णालय गाठायचं. बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा हा आजार जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी १८८१ मध्ये नोंदवला. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असंही नाही, आणि उपचाराला उशीर झाला तर स्मृती कायमची जाऊ शकते. यकृत बिघडलेलं असेल तर दिवसा झोप आणि रात्री जाग असं उलटं चक्र सुरू होऊ शकतं. नशेत पडून डोक्याला मार लागला असेल तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साठू शकतं. थायरॉइड, बी-१२, नैराश्य हेही तपासून घ्यावं. आमच्या हिशेबनिसांचे अहवाल ठीक होते.

मग उरलं ते खरं धुकं. दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा, गाबाचा, जोर वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षं असं चाललं की मेंदू दाबलेल्या स्प्रिंगसारखा उलटा जोर लावू लागतो. दारू थांबली की तो जोर मोकळा सुटतो. म्हणूनच खूप पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते वादळ आठवड्याभरात शमतं, पण गाढ झोप पूर्वीसारखी यायला कित्येक महिने लागतात. उत्साह, ओढ जागवणाऱ्या डोपामिन या रसायनाची यंत्रणाही मंदावलेली असते, त्यामुळे कशातच रस वाटत नाही, आणि जिथे रस नाही तिथे लक्ष कसं टिकणार? दिलासा असा की, वर्षानुवर्षं पिऊन आक्रसलेला मेंदू दारू सुटल्यावर काही अंशी भरून येतो, हे एमआरआयमध्ये दिसलं आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत वेगाने, पुढे महिनोन्महिने सावकाश. सगळ्यांचं सगळं परत येतं असं मात्र मी म्हणणार नाही. वय, पिण्याची वर्षं, आहार, डोक्याला झालेल्या दुखापती, सगळ्याचाच हिशेब त्यात असतो.

हे सगळं त्यांनी नीट ऐकलं. पटलं नाही. माहितीने माणूस बदलत असता तर माझं काम फारच सोपं झालं असतं! घटनेपेक्षा तिच्याबद्दलचे आपले विचारच जास्त त्रास देतात, असं मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा पिंड पोसला आहे. त्यामुळे धुक्यापेक्षा धुक्याबद्दल ते स्वतःला काय सांगतात, यावर माझी नजर होती. 'पिऊन माझं डोकं चालायचं' हे ते वाक्य. माणूस पुन्हा पितो तो पुष्कळदा अशाच वाक्यावर. आणि एक पेग घेतला की चेतलेला मेंदू खरंच थोडा वेळ निवतो, म्हणून ते वाक्य खरंही वाटतं.

बोलताना कळलं की घरखर्चाची वही त्यांनी पिण्याच्या काळातही न चुकता लिहिली होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. म्हटलं, "ती घेऊन या. इथे बसून तपासा, दुसऱ्या कुणाचा हिशेब तपासावा तशी."

त्यांनी लाल पेन काढलं. सुरुवातीला खुणा तुरळक होत्या. मग एकच खर्च दोनदा, हातचा विसरलेला, आठवडेच्या आठवडे कोरे. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मी तेव्हाही चुकत होतो. फक्त कळत नव्हतं."

"आणि आता?"

"आता कळतंय."

"मग हे कळणं कुठून आलं?"

दारू चुका तर करायला लावतेच, शिवाय चूक टिपणारी नजरही बोथट करते. तिसऱ्या महिन्यात त्यांना छळत होती ती हीच नजर, आता जागी झालेली. डोकं बिघडतंय याचा पुरावा म्हणून ते जे घेऊन आले होते, तो बराचसा सुधारणेचाच पुरावा होता. त्या दिवसापासून 'हे कळणं कुठून आलं?' हा प्रश्न मी अनेकांना विचारते, आणि तो क्वचितच वाया जातो.

पुढचं काम साधं आणि कंटाळवाणं होतं. उठण्याची वेळ रोज एकच. दम लागेल इतकं चालणं. अवघड काम सकाळी, एका वेळी एकच. लक्षात ठेवण्याऐवजी लिहून ठेवणं. मोठे निर्णय शक्य तितके पुढे ढकलणं. झोप येत नाही म्हणून मनाने गोळ्या घेणं सक्त बंद. अशाने एक व्यसन जाऊन दुसरं येताना मी पाहिलंय. प्रगती रोज मोजायची नाही, महिन्याने मोजायची, कारण एखादा वाईट दिवस येतोच, आणि झोप नीट झाली नाही की हमखास येतो. त्यांच्या पत्नीला एवढंच सांगितलं, "'आठवतंय का?' असं सारखं विचारू नका. ती परीक्षा होते, आणि परीक्षेत कुणाचंही डोकं अडतं."

वर्षभराने बेरजा पहिल्या फटक्यात जुळू लागल्या. नवीन माणसांची नावं अजून निसटतात. ती ते खिशातल्या डायरीत टिपून ठेवतात.