झोरा नील हर्स्टन इतकी मोठी लेखिका होती, तर तिच्या कबरीवर साधा दगडही का नव्हता?

काळी बाई आणि वंशवादी अमेरिका, एवढ्यावर हे उत्तर संपवता येईल. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. झोराला अडगळीत टाकण्यात तिच्याच बाजूच्या लेखकांचाही मोठा हात होता, असं माझं मत.

ती वाढली फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये. १८८७ पासून स्वतःचा कारभार स्वतः चालवणारं काळ्या लोकांचं गाव. वडील तिथे धर्मोपदेशक आणि काही काळ महापौर. त्यामुळे गोऱ्यांपुढे मान खाली घालणं तिनं घरात-दारात पाहिलंच नाही. पाहिले ते दुकानाच्या ओट्यावर बसून थापा मारणारे, एकमेकांची खेचणारे लोक. पुढे बर्नार्ड कॉलेजात फ्रान्झ बोआझ यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकली आणि याच लोकांच्या गोष्टी गोळा करायला परत आली.

१९३७ साली आलेली 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी तिनं हैतीत सात आठवड्यांत लिहिली. नायिका जेनी तीन लग्नं करते आणि आपल्या बोलीत आपली कहाणी मैत्रिणीला सांगते. रिचर्ड राइट या काळ्या कादंबरीकारानं 'न्यू मासेस' या डाव्या मासिकात तिची सालं काढली: कादंबरीला विषयच नाही, ही तर गोऱ्यांना हसवायला काढलेली सोंगं. त्या पिढीला निषेधाचं साहित्य हवं होतं, आणि झोराच्या पानांवर गोरी माणसं जेमतेम दिसतात. बोलीत लिहिलेलं गंभीर नसतं, हा आक्षेप मराठी वाचकाला नवा नाही. गुलामांच्या जहाजातून आलेल्या कुजो लुइसच्या आठवणी तिनं त्याच्याच बोलीत लिहिल्या. प्रकाशक प्रमाण इंग्रजी करा म्हणाले तर नकार दिला. ते पुस्तक, 'बॅराकून', निघालं २०१८ मध्ये!

पैसा तर कधीच नव्हता. एका पुस्तकामागे मिळालेली तिची सर्वांत मोठी रॉयल्टी ९४३ डॉलर ७५ सेंट. १९४८ मध्ये तिच्यावर एका मुलाच्या लैंगिक छळाचा आरोप झाला. ज्या काळात तो घडला म्हणत होते तेव्हा ती होंडुरासमध्ये होती, खटला निकालात निघाला. पण काळ्यांच्याच एका वर्तमानपत्रानं तोवर तो चघळला होता. १९५० मध्ये ती मायामीत घरकाम करत होती आणि त्याच सुमारास एका मोठ्या साप्ताहिकात तिची कथा छापून आली. २८ जानेवारी १९६० ला फोर्ट पिअर्सच्या सरकारी निराधारगृहात ती वारली. अंत्यविधी वर्गणीतून झाला, दगडाला पैसे उरले नाहीत. तिचे कागद कुणीतरी जाळायला काढले होते. ओळखीचा एक पोलीस तिथून जात होता, त्यानं पाणी मारून बरेचसे वाचवले.

१९७३ मध्ये अ‍ॅलिस वॉकर ही पुढच्या पिढीतली काळी लेखिका गवताचं रान तुडवत त्या दफनभूमीत गेली आणि अंदाजानं जागा ठरवून दगड बसवला. त्यावर जन्मसाल १९०१ आहे. खरं साल १८९१. फुकट शाळेत प्रवेश मिळावा म्हणून झोरानं सव्विसाव्या वर्षी वयातून दहा वर्षं उडवली होती, ती थाप दगडावरही टिकली. मला वाटतं, तिला हे आवडलं असतं.

आता ती अमेरिकेत अभ्यासक्रमात आहे, आणि उलट्या बाजूची गडबड सुरू आहे: तिची देवी केली जाते. १९५५ मध्ये तिनं वर्तमानपत्राला पत्र लिहून शाळांमधला वर्णभेद संपवणाऱ्या निकालालाच विरोध केला होता. आमच्या शाळा आणि शिक्षक चांगले आहेत, गोऱ्यांशेजारी बसायची सक्ती कशाला, हा तिचा सूर. मला तो पटत नाही. पण ईटनव्हिल डोळ्यांसमोर ठेवलं तर तो कुठून आला हे कळतं. तिच्या चाहत्यांना हे पत्र अडचणीचं वाटतं.

वाचायची असेल तर 'देअर आइज'पासूनच सुरुवात करा. पहिली काही पानं बोलीमुळे अडखळायला होईल. रूबी डी यांच्या आवाजातलं ऑडिओबुक लावून सोबत वाचलं तर सोपं जातं.