पहिलेच तारे, मग 'पुनर्' कशाचे?

मुलुंडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. विश्वाच्या आरंभकाळावरील एका मराठी लेखात त्यांना 'पहिल्या ताऱ्यांनी विश्वाचे पुनर्आयनीभवन घडवून आणले' असे वाक्य आढळले. तारे जर पहिलेच होते, तर त्यांनी एखादी गोष्ट 'पुन्हा' कशी केली, आणि हा शब्द असाच लिहावा का, असे त्यांनी विचारले आहे.

यातील 'पुनर्' ताऱ्यांना लागू नाही, ते हायड्रोजनला लागू आहे. महास्फोटानंतर विश्व इतके तप्त होते की इलेक्ट्रॉन अणुकेंद्राशी टिकून राहू शकत नव्हते; म्हणजे सारे द्रव्य आयनरूपातच (विद्युतभारित सुट्या कणांच्या रूपात) होते आणि ते तसे करायला कोणत्याही ताऱ्याची गरज नव्हती. सुमारे ३,८०,००० वर्षांनी तापमान ३,००० केल्विनच्या आसपास उतरले, इलेक्ट्रॉन व प्रोटॉन जुळले आणि उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला, हायड्रोजन तयार झाला. त्यानंतर ताऱ्यांविना दीर्घ अंधारयुग गेले. पुढे ताऱ्यांच्या प्रकाशाने हेच अणू फोडले, तेव्हा द्रव्य दुसऱ्यांदा आयनरूपात आले. 'पुनर्' आहे ते या दुसऱ्या वेळेचे, आणि ते रास्त आहे.

रास्त नाही ते दुसऱ्या एका शब्दातले. इलेक्ट्रॉन-प्रोटॉन जुळण्याच्या त्या घटनेला आपल्या पुस्तकांत 'पुनर्संयोग' म्हणतात, वास्तविक ते दोघे त्यापूर्वी कधीच टिकाऊपणे जुळलेले नव्हते. तप्त वायूच्या भौतिकशास्त्रात, जिथे तुटलेले अणू खरोखरच पुन्हा जुळतात, तिथे रुळलेली संज्ञा विश्वशास्त्राने तशीच उचलली आणि मराठीने तिच्यातले 'पुन्हा'ही इमानाने आणले. निव्वळ 'संयोग' म्हटले असते तरी भागले असते.

आता लेखनाकडे. अनंत चतुर्दशीला उत्तरपूजेत आपण 'पुनरागमनाय च' म्हणतो, 'पुनर्आगमनाय' म्हणत नाही. पुढे स्वर आला की संधी होताना 'र्' त्या स्वरात मिळतो. म्हणून 'पुनर्' आणि 'आयन' यांचे 'पुनरायन' होते. पुढे मृदू व्यंजन असेल तर रफार राहतो, आणि मुंबईकराला रोज दिसणारा 'पुनर्विकास' याच नियमाने शुद्ध आहे. कठोर व्यंजनापुढे मात्र विसर्ग येतो, म्हणून काटेकोर रूप 'पुनःसंयोग'. 'पुनर्संयोग', 'पुनर्परीक्षण' ही रूपे आता इतकी रुळली आहेत की त्यांवर लाल शाई खर्च करण्यात मला अर्थ वाटत नाही; पण 'पुनर्आयनीभवन' हे उच्चारालाही अडखळणारे असल्याने टाळावे. 'पुनरायन' लिहिल्यास लोकांना उत्तरायणातले 'अयन' आठवेल, अशी एक शंका निघते. तसे असते तर ऱ्हस्व 'पुनरयन' झाले असते. शिवाय फॅरेडेने १८३४ मध्ये रूढ केलेला 'आयन' ग्रीकमधल्या 'जाणे' या अर्थाच्या धातूवरून आला आहे आणि संस्कृतातल्या 'अयना'मागचा 'इ' धातू त्याचाच सगोत्र आहे, तेव्हा गोंधळ झाला तरी तो भाऊबंदांतलाच!

माझा खरा आक्षेप 'भवना'वर आहे. पाण्याचे बाष्पीभवन होते, ते आपोआप. रस्त्याचे काँक्रिटीकरण होते, ते कोणीतरी करते म्हणून. काँक्रिटीभवन कोणी म्हणत नाही. महास्फोटानंतरच्या तप्त द्रव्याच्या अवस्थेला 'भवन' शोभेल, परंतु दुसऱ्या वेळी कर्ता ठळकपणे समोर आहे. कार्बन, ऑक्सिजन यांसारखी जड मूलद्रव्ये अजून जन्मालाच आली नव्हती, त्यामुळे पहिल्या वायुमेघांना थंड होण्यासाठी हायड्रोजनच्या रेणूंवर विसंबावे लागे, आणि हे रेणू वायूला साधारण २०० केल्विनच्या खाली फारसे नेऊ शकत नाहीत. इतक्या उबदार वायूचे गोळे कोसळायला वस्तुमान मोठे लागते. म्हणूनच संगणकीय प्रारूपांत पहिले तारे पुष्कळदा सूर्याच्या दसपटींपासून शेकडो पटींपर्यंत भारी निघतात. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन, तर अशा भारी ताऱ्याचे १,००,००० केल्विनच्या घरात. हायड्रोजनचा अणू फोडायला ९१.२ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश लागतो आणि अशा ताऱ्यातून तो भरपूर बाहेर पडतो. ताऱ्याभोवतीचा वायू आयनित होऊन एक बुडबुडा तयार होई, तो फुगत जाई आणि शेजारच्या बुडबुड्याला भिडे. हे उघड उघड 'करण' आहे, म्हणून 'पुनरायनीकरण'.

तरीही त्या लेखातले वाक्य पूर्ण बरोबर ठरत नाही. पहिले तारे जेमतेम काही दशलक्ष वर्षे जगले आणि त्यांतल्या अनेकांनी स्फोटातून जड मूलद्रव्ये आसपास उधळली. त्यामुळे नंतरचे वायुमेघ अधिक थंड होऊ शकले आणि लहान, दीर्घायुषी तारे बनू लागले. पुनरायनीकरणाचे बहुतांश काम नंतरच्या दीर्घिकांनी केले असे मानले जाते, आणि ते महास्फोटानंतर सुमारे १०० कोटी वर्षांनी आटोपले. त्या काळच्या उदासीन हायड्रोजनमधून निघालेल्या २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरी विश्वप्रसरणाने ताणल्या जाऊन आज सुमारे २ मीटरच्या झालेल्या असतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अखत्यारीतील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही त्यांचा माग काढण्याचे प्रयत्न केले आहेत. हा उदासीन वायू पहिल्या ताऱ्यांनंतरही दीर्घकाळ शिल्लक होता. तेव्हा 'घडवून आणले' या क्रियापदाने पहिल्या ताऱ्यांच्या पदरात फार मोठे श्रेय पडते. 'पहिल्या ताऱ्यांनी विश्वाच्या पुनरायनीकरणाला सुरुवात केली' असे लिहिले असते, तर अर्थ आणि संधी दोन्ही सांभाळले गेले असते.