बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मराठी शाळेत नववीच्या दोन तुकड्या आहेत. गटात शिकवल्याने कन्नडचे मार्क वाढतात का, हे कसं तपासू?

दोन्ही तुकड्यांची एकच पूर्वचाचणी घ्या, तेच धडे एकीला गटात आणि दुसरीला नेहमीसारखे शिकवा, मग उत्तरचाचणीत कोणाचे मार्क किती वाढले ते ताडून बघा. नुसते शेवटचे मार्क धरू नका. 'अ' तुकडीत हुशार मुलं भरलेली असतात, हे काय सांगायला हवं! शिक्षक एकच ठेवा, घरी कन्नड बोलणारी मुलं कुठे किती तेही टिपा. पेपर मात्र ज्याने त्याने एकट्याने सोडवायचा. गटात शिकण्यावर काम केलेले अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्लाव्हिन यांच्या संशोधनाचा रोख हाच: गटाचं कौतुक प्रत्येकाच्या स्वतःच्या प्रगतीवर ठरलं तर फायदा ठळक दिसतो. नाहीतर एक पोरगी 'पत्रलेखन' लिहिते, बाकीचे उतरवतात. दोनच तुकड्यांवरून छातीठोक निष्कर्ष निघणार नाही. पुढच्या घटकाला तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा बघा.