2001 च्या होंडा सिटीत चेक इंजिन लाइट लागून राहते, स्कॅनर कनेक्ट होत नाही, कोड घरी बघता येतो का?

येतो. कोड म्हणजे गाडीनं साठवलेला बिघाडाचा नंबर. आणि तुमचा गॅरेजवाला म्हणतोय म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलायला जाऊ नका, निदान ह्या रविवारपर्यंत तरी थांबा. माझ्याकडं इथं सोलापुरात 2000 ची सिटी आहे, म्हणजे तुमचीच बहीण, आणि ह्याच लाइटपायी मी दीड महिना घालवलाय.

आधी स्कॅनर का कनेक्ट होत नाही ते. ब्लूटूथवाले स्वस्त स्कॅनर ओबीडी-टू नावाच्या ठरलेल्या भाषेत बोलतात. अमेरिकेत ती भाषा 1996 पासून सक्तीची झाली, आपल्याकडं बीएस-4 ह्या प्रदूषणाच्या नियमासोबत 2010 ला ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःच बिघाड ओळखायची सोय, आलं आणि ओबीडी-टू 2013 पासून. गंमत म्हणजे एप्रिल 2010 ला बीएस-4 देशातल्या ज्या 13 शहरांत आधी लागू झालं त्यात मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरपण होतं, हे इथल्या कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. असो. त्याच्या आधीच्या गाड्यांत कंपनीनं आपापल्या भाषेत कोड ठेवलेत, 16 पिनांचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा सॉकेट, दिसला तरी आत ओबीडी-टूच असेल असं नाही. म्हणजे स्कॅनर जोडला जात नाही ह्याचा अर्थ ईसीएम मेला असा होत नाही. तो फक्त ती भाषा बोलत नाही एवढंच.

जुनी होंडा कोड सांगते ती लाइटच्या उघडझापीनं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जिथं पाय ठेवतो तिथं, डॅशबोर्डच्या कप्प्याच्या मागं-खाली हात घाला, एक दोन पिनांचा छोटा कपलर मोकळा लटकत असतो, बहुतेक निळा, आणि त्याला पुढं काहीच जोडलेलं नसतं. त्याच्या शेजारी तीन पिनांचा एक असतो, तो नाही. पिवळ्या वायरिंगला तर बोटपण लावू नका, ते एअरबॅगचं. इग्निशन बंद असताना कागदाला लावायची क्लिप सरळ करून त्या दोन पिना एकमेकीला जोडायच्या, मग किल्ली ऑनवर, सेल्फ मारायचा नाही, आणि मीटरमधल्या इंजिनच्या लाइटकडं बघायचं. लांब उघडझाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि चार छोट्या म्हणजे 14. नुसत्या सहा छोट्या म्हणजे 6. एकापेक्षा जास्त कोड असले तर मध्ये थांबून एकामागं एक दाखवते आणि मग परत पहिल्यापासून. काहीच साठवलेलं नसेल तर लाइट नुसती लागून राहते, उघडझाप नाही.

हे सगळं मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजा, डोळ्यानं मोजू नका. मी पहिल्यांदा किल्ली फिरवल्यावर जो पहिला उजेड पडला तोपण धरला आणि 7 मोजले. 7 म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर, इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडलीय ते सांगणारा, आणि होंडा तो सेन्सर सुटा देत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. मी जुन्या स्पेअरवाल्याला फोन करून भावसुद्धा ठरवला होता. रात्री पोरगी म्हणाली बाबा परत करून दाखवा मी मोजते, आणि तिनं चार वेळा मोजून चारही वेळा सहाच सांगितले. म्हणून सांगतो, व्हिडिओ काढा.

6 म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. माझी लक्षणं तीच होती, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, स्टार्ट झाली की पेट्रोलचा वास, ॲव्हरेज आठवर आलेलं. ह्या सेन्सरची वायर तुटली की ईसीएमला वाटतं बाहेर बर्फ पडतोय, मग तो पेट्रोल जास्त सोडायला बघतो. सोलापुरात बर्फ! पण माझा मेकॅनिक म्हणायचा, "टेम्परेचरचा काटा बरोबर दाखवतोय की, मग कशाला लाइट बघत बसालाय बे, गाडी चालालीय ना?" त्याची चूक अशी की काट्याचा सेन्सर वेगळा, त्याला एकच वायर असते, आणि ईसीएमचा वेगळा, त्याला दोन. काटा नीट असला म्हणून दुसरा नीट आहे असं होत नाही. मग मी कोड सांगितल्यावर त्यानं नवा सेन्सर आणून बसवला, बॅटरीची वायर काढून परत लावली, लाइट गेली, पैसे घेतले. आसरा चौकापर्यंत आलो आणि लाइट परत.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कोड "हा पार्ट बदला" असं सांगत नाही, तो फक्त सांगतो की ह्या सेन्सरकडून येणारं व्होल्टेज पटण्यासारखं नाही. सेन्सर, कपलर, वायर, अर्थिंग, ह्यातलं काहीपण असू शकतं. दोनशे-तीनशेचा मल्टिमीटर घ्या आणि दोन मापं काढा. कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर ओहम बघायचे, थंड इंजिनला 20 डिग्रीला साधारण दोन-अडीच हजार, आपल्या उन्हाळ्यातल्या चाळीसला हजार-बाराशेच्या आसपास, आणि गाडी पूर्ण गरम झाली, ऐंशीच्या घरात गेली की तीनशेच्या जवळ. म्हणजे गरम होईल तसे कमी होत गेले पाहिजेत. मग वायरच्या बाजूच्या कपलरवर, इग्निशन ऑन करून, दोन पिनांमध्ये 5 व्होल्टच्या आसपास यायला पाहिजेत. माझ्याकडं जुना काढलेला सेन्सरपण चांगला निघाला आणि नवापण, आणि कपलरवर व्होल्ट शून्य.

वायर मागं मागं चाचपत गेलो. आधीच्या मालकानं म्युझिकल हॉर्न बसवला होता आणि त्याची पट्टी इंजिनच्या वायरिंगवरच प्लास्टिकच्या टायनं आवळून टाकलेली. बाहेरून वायर एकदम धडधाकट, प्लास्टिक कुठं फाटलेलं नाही, पण बोटात धरून वाकवली की त्या जागी ती दोऱ्यासारखी लुळी पडायची. आत तांबं तुटलेलं. कापली, दोन्ही टोकं खरवडून सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. अर्धा तास.

कोड पुसायचा असेल तर ईसीएमची मेमरी जागी ठेवणारा बॅकअपचा फ्यूज दहा-पंधरा सेकंद काढून ठेवतात, बॅटरी काढली तरी पुसला जातो, पण ओरिजिनल स्टिरिओ असेल तर तो मग कोड मागत बसतो. आणि काहीपण काढायच्या आधी कोड वहीत लिहून ठेवा, गॅरेजवाले पहिलं काम बॅटरी काढायचं करतात आणि मग पुरावाच जातो. वाचून झालं की क्लिप काढायला विसरू नका, तशीच ठेवून गाडी चालवायची नाही.

तुमची सेकंडहँड आहे म्हणून अजून एक. नुसती किल्ली ऑन केली, क्लिप न लावता, की लाइट दोनेक सेकंद लागते का आणि मग काय करते हे बघायचं. तुमची लागते, बरंय. न लागणारी गाडी दिसली तर बल्ब उडालाय नाहीतर विकणाऱ्यानं काढलाय अशी शंका घ्या. माझ्या मेव्हण्यानं अशीच एक घेतली होती.

कुणी जुन्या मारुतीसाठी हे वाचत असेल तर तिथं पद्धत हीच पण कपलर आणि पिना वेगळ्या, मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं चित्र बघितल्याशिवाय क्लिप घालू नका. आणि 16 पिनांच्या कपलरमध्ये तर अजिबात नाही, ओबीडीच्या रचनेत त्यात एका पिनेला थेट बॅटरीचा करंट असतो. मारुतीत 12 आला तर घाबरू नका, 12 म्हणजे सगळं ठीक. आमच्या सोसायटीतले एक काका 12 नंबरचा सेन्सर शोधत फिरत होते.

तर तुमचा नंबर आधी काढा. 6 आला तर सेन्सर घ्यायच्या आधी ती वायर बोटानं वाकवून बघा. माझा तो हॉर्न अजून डिक्कीत पडलाय, तीन सुरांत वाजतो, बायको लावू देत नाही.