ली-एनफिल्ड रायफलीची .३०३ केस (काडतुसाची पितळी नळी) दोन-तीनदा पुन्हा भरली की बुडापाशी का तुटते?
दोष बहुधा पितळेचा नसतो. चिखल-धूळ लागलेलं काडतूसही बसावं म्हणून या लष्करी रायफलींची चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ऐसपैस ठेवलेली असते. झाडताना केसचा पुढचा भाग भिंतीला चिकटतो, बुड मागे ढकललं जातं आणि रिमच्या (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या) जरा वर पितळ पातळ होतं. फुल-लेंथ डायने (अख्खी केस मूळ मापात आणणाऱ्या साच्याने) केस दरवेळी दाबलीत तर हे ताणणं पुन्हा पुन्हा होतं. त्यापेक्षा त्याच रायफलीत झाडलेल्या केसची फक्त मान (गोळी धरणारा अरुंद भाग) साइझ करा, म्हणजे मापात दाबा; मग केस खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) टेकते. नव्या केसला पहिल्यांदा रिमपुढे पातळ रबरी ओ-रिंग घाला. दारूचा भार सौम्यच ठेवा. टोक वाकवलेली तार आतून बुडापासून वर ओढून पाहा. खाच लागली तर केस फेकाच, मोह नको! ॲनीलिंग (तापवून पितळ मऊ करणं) फक्त मान-खांद्याला. बुड कधीही तापवू नका.